प्रकाश-सक्रिय उपचार : उन्हाने बाधित त्वचेवर प्रकाशाचीच मात्रा

त्वचेवर एक औषध लावायचे, ते विकृत पेशींमध्ये मुरू द्यायचे आणि नंतर त्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश सोडून त्या पेशी नष्ट करायच्या, अशा उपचारपद्धतीला वैद्यकशास्त्रात ‘फोटोडायनॅमिक थेरपी’ किंवा संक्षेपाने ‘पीडीटी’ असे नाव आहे. मराठीत तिला प्रकाश-सक्रिय उपचार म्हणता येईल. वर्षानुवर्षे ऊन सोसलेल्या त्वचेवर उमटणारे कर्करोगपूर्व चट्टे नाहीसे करण्यासाठी ही पद्धत मुख्यतः वापरली जाते. त्वचेच्या काही वरवरच्या कर्करोगांवर आणि अन्य विकारांवरही तिचा उपयोग होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९९ मध्ये चेहरा व डोक्याच्या त्वचेवरील अशा चट्ट्यांसाठी या पद्धतीच्या पहिल्या लेपनौषधाला मान्यता दिली. त्यानंतर युरोप व ऑस्ट्रेलियातही ही पद्धत रूढ झाली.

भारतात ‘प्रकाशोपचार’ हा शब्द मात्र अनेक निरनिराळ्या उपचारांसाठी सरसकट वापरला जातो. कोडावर दिले जाणारे अतिनील किरण, लेसर, ब्यूटी पार्लरमधील रंगीत दिव्यांचे मुखवटे आणि पीडीटी यांची त्यामुळे गल्लत होते. या प्रत्येकाचे तत्त्व, उपयोग आणि धोके वेगळे आहेत. कोणत्या विकारावर कोणता प्रकाश द्यायचा, हे निदानावरून ठरते. निदान न करताच प्रकाश दिला गेला, तर वरचा डाग फिका होऊन मूळ रोग आत वाढत राहण्याची शक्यता असते.

तीन घटकांची सांगड

पीडीटी घडून येण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी असाव्या लागतात : प्रकाशाने उद्दीपित होणारे द्रव्य, त्या द्रव्यात शोषला जाईल अशा तरंगलांबीचा प्रकाश आणि पेशीतील प्राणवायू. यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर परिणाम होत नाही. औषध अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असते. उपचारासाठी वापरला जाणारा निळा किंवा लाल प्रकाशही औषधाविना त्वचेला इजा करत नाही.

त्वचेसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे अमिनोलेव्हुलिनिक आम्ल. हे आम्ल शरीराला परके नाही. रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त घटक असलेले ‘हीम’ तयार करताना प्रत्येक पेशी ते स्वतःच बनवत असते. या साखळीतील शेवटून दुसरा पदार्थ प्रोटोपॉर्फिरिन हा असून, त्यात लोह मिसळले की हीम तयार होते. बाहेरून लेपाद्वारे हे आम्ल भरपूर प्रमाणात पुरवले, तर लोह मिसळण्याचा शेवटचा टप्पा मागे पडतो आणि पेशीत प्रोटोपॉर्फिरिन साचू लागते. हा पदार्थ प्रकाशसंवेदी असतो.

उन्हाने बाधित झालेल्या पेशींत तो निरोगी पेशींपेक्षा अधिक साचतो. एक तर अशा ठिकाणी त्वचेचा सर्वांत वरचा थर विस्कळीत झालेला असल्याने लेप सहज आत शिरतो. दुसरे म्हणजे विकृत पेशींतील चयापचयही बदललेले असते. जांभळा दिवा धरला असता ही जागा गुलाबी-लाल रंगाने चमकते. विकृतीची व्याप्ती ठरवताना त्वचारोगतज्ज्ञांना या चमकेची मदत होते.

प्रकाश पडताच प्रोटोपॉर्फिरिनचे रेणू ऊर्जा शोषून घेतात आणि ती प्राणवायूला देतात. त्यातून प्राणवायूचे एक अत्यंत क्रियाशील रूप निर्माण होते. हे रूप सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापुरतेच टिकते आणि एका पेशीच्या रुंदीइतकेही अंतर कापू शकत नाही. त्यामुळे होणारा नाश बहुतांशी ज्या पेशींत औषध साचले आहे त्यांच्यापुरता मर्यादित राहतो. शेजारची निरोगी त्वचा वाचते आणि व्रणही फारसा उरत नाही. शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा या पद्धतीचा मोठा लाभ मानला जातो.

प्रोटोपॉर्फिरिन सर्वाधिक शोषण करते ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाचे. ६३५ नॅनोमीटरच्या जवळील लाल प्रकाश त्यामानाने कमी शोषला जातो, परंतु तो त्वचेत अधिक खोलवर पोहोचतो. म्हणून पातळ, वरवरच्या चट्ट्यांना निळा प्रकाश पुरतो, तर किंचित जाड विकृतींसाठी लाल प्रकाशाची निवड केली जाते. सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा जाड गाठींवर मात्र हा उपचार भरवशाचा ठरत नाही.

उन्हाने त्वचेचे काय बिघडते

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोहोचतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या टप्प्यातील ‘बी’ किरण प्रामुख्याने बाह्यत्वचेत अडतात आणि पेशींतील डीएनएला थेट इजा करतात. त्यांच्यामुळेच त्वचा लाल होऊन भाजते. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ किरण त्याखालच्या थरात जाऊन त्वचेला ताण व लवचिकता देणाऱ्या तंतूंची हानी करतात. सुरकुत्या, राठपणा, तपकिरी ठिपके आणि विस्फारलेल्या बारीक रक्तवाहिन्या ही या हानीची दृश्य लक्षणे होत. वयामुळे येणाऱ्या वार्धक्याहून हे वार्धक्य वेगळे असते. सदैव झाकलेली दंडाच्या आतील बाजूची त्वचा आणि त्याच व्यक्तीच्या चेहऱ्याची त्वचा यांची तुलना केली, की हा फरक स्पष्ट दिसतो.

डीएनएची इजा साचत गेली, की काही पेशी अनियंत्रित वाढू लागतात. त्यांतून ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ नावाचे खरबरीत, खवलेयुक्त चट्टे उमटतात. कपाळ, नाक, कानाच्या पाळीचा वरचा भाग, टक्कल पडलेले डोके, हाताची मागची बाजू आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग या त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत. पॉलिश कागदावरून बोट फिरवल्यासारखा त्यांचा स्पर्श असतो. पुष्कळदा डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटांना जाणवतात.

यांतील बहुतेक चट्ट्यांचे रूपांतर कर्करोगात होत नाही. काही आपोआप मावळतातही. तथापि काहींतून स्क्वेमस पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो आणि तो नेमका कोणत्या चट्ट्यातून उद्भवेल, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शिवाय दिसणाऱ्या चट्ट्यांभोवतीची वरकरणी निरोगी भासणारी त्वचाही तितकेच ऊन सोसलेली असते. त्यामुळे एकेक चट्टा गोठवून काढण्याऐवजी संपूर्ण बाधित क्षेत्रावर उपचार करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. पीडीटीचे महत्त्व येथेच आहे. सुट्या चट्ट्यांवर द्रवरूप नायट्रोजनचा वापर सोपा व स्वस्त पडतो. कपाळभर किंवा डोकेभर पसरलेल्या चट्ट्यांसाठी मात्र एकाच बैठकीत सर्व क्षेत्र हाताळणारी पद्धत सोयीची ठरते.

गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये या विकाराचे प्रमाण मोठे आहे. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचा प्रश्न इतका तीव्र होता, की व्हिक्टोरिया राज्यात १९८१ मध्ये अंगभर सदरा, ऊन-प्रतिबंधक मलम व टोपी वापरण्याचे आवाहन करणारी व्यापक प्रचारमोहीम सुरू करण्यात आली. अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांमध्येही हे चट्टे व त्यांतून होणारे कर्करोग अधिक प्रमाणात आढळतात.

म्युनिकपासून किंग्स्टनपर्यंत

या उपचाराचे मूळ जर्मनीतील म्युनिक येथील एका प्रयोगशाळेत सापडते. प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली काम करणारा वैद्यकीय विद्यार्थी ऑस्कर राब हा ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर होणारा परिणाम अभ्यासत होता. त्याच प्रमाणातील रंगद्रव्य कधी जीवांना झटपट मारत असे, तर कधी ते दीर्घकाळ जिवंत राहत. हा फरक प्रयोगाच्या वेळी असलेल्या उजेडामुळे पडतो, असे त्याच्या ध्यानी आले. त्याचे निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ येझिओनेक यांनी इओसिन हे रंगद्रव्य लावून त्वचेच्या कर्करोगावर प्रकाशाचा प्रयोग केला. या क्रियेत प्राणवायूची गरज असल्याचे दाखवून टापायनर यांनीच तिला ‘फोटोडायनॅमिक’ हे विशेषण दिले.

त्याच वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचाराबद्दल वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कोपनहेगन येथील त्यांच्या संस्थेत रुग्णांच्या चेहऱ्यावर भिंगांतून एकवटलेला प्रखर प्रकाश सोडला जात असे. त्यातील अतिनील किरणांमुळे रोग बरा होतो, असा समज पुढे अनेक दशके होता. कोपनहेगनमधील संशोधकांनी २००५ मध्ये फिन्सेन यांची जुनी उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतील भिंगे अतिनील किरणांचा बराचसा भाग अडवत असल्याचे आढळले. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन गटातील द्रव्ये असतात. जंतूंवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा आघात या द्रव्यांमार्फत झाला असावा, असा निष्कर्ष या संशोधकांनी मांडला. तो स्वीकारला, तर फिन्सेन यांचा उपचारही नकळत प्रकाश-सक्रिय उपचारच होता, असे म्हणावे लागते.

पॉर्फिरिनचा मानवी शरीरावरील परिणाम जर्मन डॉक्टर फ्रीडरिश मायर-बेट्झ यांनी स्वतःवरच अजमावला. १९१२ मध्ये त्यांनी २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले. त्यानंतर उन्हात जाताच त्यांचा चेहरा व हात सुजले आणि त्वचेची ही प्रकाशसंवेदनशीलता दोन महिन्यांहून अधिक काळ टिकली.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकानंतर अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी या तत्त्वाला आधुनिक उपचाराचे रूप दिले. त्यांच्या कामातून पुढे आलेल्या फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पहिली मान्यता मिळाली. मात्र ते शिरेतून द्यावे लागे आणि त्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे उजेड टाळावा लागे. त्वचेच्या छोट्या चट्ट्यासाठी ही किंमत फार होती.

ही अडचण कॅनडाच्याच किंग्स्टन येथील जेम्स केनेडी व रॉय पॉटियर यांनी दूर केली. तयार प्रकाशसंवेदी द्रव्य रक्तात सोडण्याऐवजी त्याचा कच्चा माल असलेले अमिनोलेव्हुलिनिक आम्ल त्वचेवर लावावे आणि पुढचे काम पेशींकडूनच करून घ्यावे, ही पद्धत त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. आज त्वचेसाठी वापरली जाणारी पीडीटी याच पायावर उभी आहे. युरोपात २००१ पासून मिथाइल अमिनोलेव्हुलिनेट हे त्याचे सुधारित रूप उपलब्ध झाले. दहा टक्के अमिनोलेव्हुलिनिक आम्ल असलेल्या जेलला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

उपचार कसा केला जातो

प्रथम त्वचा स्वच्छ करून चट्ट्यांवरील खवले हलक्या हाताने खरवडले जातात, जेणेकरून औषध आत शिरावे. त्यानंतर लेप लावला जातो. पुढची प्रक्रिया औषधागणिक बदलते. मिथाइल अमिनोलेव्हुलिनेट लावल्यावर जागा झाकून सुमारे तीन तास थांबावे लागते. मग उरलेला लेप पुसून लाल प्रकाश दिला जातो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या वीस टक्के द्रावणाच्या पद्धतीत चेहऱ्यासाठी १४ ते १८ तासांचा अवधी ठेवून ४१७ नॅनोमीटरचा निळा प्रकाश १,००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद देण्याचे विहित आहे. प्रकाश देताना रुग्ण आणि कर्मचारी या दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असणे आवश्यक असते.

ॲक्टिनिक केराटोसिससाठी बहुधा एक बैठक करून सुमारे तीन महिन्यांनी तपासणी केली जाते आणि चट्टे उरले असल्यास उपचार पुन्हा करतात. बाह्यत्वचेपुरता मर्यादित असलेला कर्करोग, म्हणजे बोवेन यांचा रोग, तसेच वरवरचा बेसल पेशी कर्करोग यांसाठी युरोपीय पद्धतीनुसार आठवड्याच्या अंतराने दोन बैठका दिल्या जातात.

वेदना हा या उपचाराचा प्रमुख त्रास आहे. दिवा सुरू झाल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत भाजल्यासारखी तीव्र आग होते. मोठ्या क्षेत्रावर, विशेषतः डोक्यावर, ती काही रुग्णांना असह्य होते आणि उपचार मध्येच थांबवावा लागतो. थंड हवेचा झोत, पाण्याचा फवारा किंवा मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन यांनी ती कमी करता येते. नंतरचे काही दिवस त्वचा लाल व सुजलेली राहते, खपल्या धरतात आणि साधारणपणे एक-दोन आठवड्यांत त्या गळून पडतात.

उपचारानंतर सुमारे दोन दिवस त्या भागावर ऊन तसेच घरातील प्रखर दिवेही पडू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. येथे एक गैरसमज संभवतो. नेहमीचे ऊन-प्रतिबंधक मलम अतिनील किरण अडवते, परंतु उरलेल्या औषधाला उद्दीपित करणारा निळा किंवा लाल प्रकाश ते अडवत नाही. म्हणून या दोन दिवसांत रुंद काठाची टोपी, कपड्याचे आच्छादन आणि सावली यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दिवसाच्या उजेडातील उपचार

वेदना कमी करण्याच्या प्रयत्नांतून कोपनहेगन येथील बिस्पेब्येर्ग रुग्णालयातील हान्स क्रिस्तियन वुल्फ, स्टीने व्हीगेल व सहकाऱ्यांनी दिव्याऐवजी दिवसाचा उजेड वापरण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यात प्रथम अतिनील किरण अडवणारे, परंतु दृश्य प्रकाश जाऊ देणारे मलम लावतात. मग खवले खरवडून औषधाचा पातळ थर देतात. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत रुग्णाने घराबाहेर जाऊन सुमारे दोन तास उजेडात राहायचे असते. आकाश ढगाळ असले तरी चालते. मात्र पाऊस किंवा कडाक्याची थंडी नसावी.

दिव्याच्या पद्धतीत औषध भरपूर साचू देऊन मग एकदम प्रकाश दिला जातो. येथे ते जसजसे तयार होते तसतसे उजेडात खर्च होत जाते. त्यामुळे आग अगदी सौम्य राहते. पातळ चट्ट्यांवर या पद्धतीची परिणामकारकता दिव्याच्या पद्धतीच्या जवळपास असल्याचे तुलनात्मक चाचण्यांत दिसून आले. खर्चिक दिवा लागत नसल्याने तिचा प्रसारही झाला. तथापि याचा अर्थ कोणतेही मलम लावून उन्हात बसावे, असा नाही. औषध, मलम, वेळ आणि हवामान ही चारही अंगे येथे ठरवून दिलेली असतात.

परिणाम किती आणि कितपत टिकतो

पीडीटीनंतर त्वचा नितळ दिसते, बारीक सुरकुत्या व ठिपके कमी होतात आणि व्रण राहत नाही. रुग्णांची पसंती मिळण्याचे हे एक कारण आहे. मात्र दिसणे चांगले आणि रोग पुन्हा न होणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

नेदरलँड्समध्ये ६२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोक्यावरील ॲक्टिनिक केराटोसिससाठी चार उपचारांची तुलना करण्यात आली. उपचार संपल्यानंतर एक वर्षाने चट्ट्यांत किमान तीन-चतुर्थांश घट टिकून असणे हा यशाचा निकष होता. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे घरी लावायचे मलम वापरणाऱ्या गटात ७४.७ टक्के, इमिक्विमोड मलमाच्या गटात ५३.९ टक्के, पीडीटीच्या गटात ३७.७ टक्के आणि इंजेनॉल मेब्युटेटच्या गटात २८.९ टक्के इतके यश नोंदवले गेले. यांपैकी इंजेनॉल मेब्युटेट हे औषध त्वचेच्या कर्करोगाच्या धोक्याच्या शंकेवरून २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून हटवण्यात आले. वरवरच्या बेसल पेशी कर्करोगासंबंधीच्या दुसऱ्या एका डच चाचणीत पाच वर्षांनंतर गाठमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण इमिक्विमोडने ८०.५ टक्के, ५-फ्लुओरोयुरॅसिलने ७० टक्के आणि पीडीटीने ६२.७ टक्के होते.

या आकड्यांवरून पीडीटी निरुपयोगी ठरत नाही. मलमाचा उपचार काही आठवडे चालतो, त्या काळात त्वचा सोलवटून निघते आणि मलम नियमित लावण्याची जबाबदारी रुग्णावर असते. वृद्ध, एकटे राहणारे किंवा ती जबाबदारी पेलू न शकणारे रुग्ण यांच्यासाठी रुग्णालयात पुरा होणारा उपचार अधिक योग्य ठरू शकतो. परंतु सर्वांत नवा आणि महागडा उपचार तोच सर्वांत गुणकारी, हे गृहीतक मात्र या चाचण्यांनी खोडून काढले आहे.

अन्य त्वचाविकार

मुरमांना कारणीभूत होणारे जंतू स्वतःच पॉर्फिरिन तयार करतात. त्यामुळे औषधाविना नुसता निळा प्रकाशही त्यांच्यावर काही प्रमाणात परिणाम करतो. औषधासह लाल प्रकाश दिल्यास तैलग्रंथींचे काम मंदावते. मात्र वेदना, सूज आणि नंतर राहणारे काळसर डाग यांमुळे मुरमांवर हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जात नाही. हट्टी चामखिळी आणि त्वचेचा लेशमानियासिस यांवरही काही देशांत त्याचे प्रयोग झाले आहेत. यांपैकी दुसरा रोग भारतात राजस्थानच्या बिकानेर परिसरात आढळतो.

मेलॅनोमा, खोलवर पसरलेला कर्करोग आणि जाड गाठी यांवर पीडीटी करू नये, याबाबत तज्ज्ञांचे एकमत आहे. अशा वेळी शस्त्रक्रियाच करावी लागते. संशयास्पद चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा आग्रह याचसाठी धरला जातो.

बावचीपासून अतिनील दिव्यांपर्यंत

औषध आणि प्रकाश यांचा मेळ घालण्याची कल्पना भारताला नवी नाही. आयुर्वेदात ‘बाकुची’ आणि मराठीत ‘बावची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीचे बी श्वित्र, म्हणजे कोडावर प्राचीन काळापासून वापरले जाते. इजिप्तमध्ये याच हेतूने एक वेगळी वनस्पती वापरली जाई. दोहोंत सोरॅलेन गटातील द्रव्ये असतात आणि सोरॅलेन हे नावही बावचीच्या वनस्पतिशास्त्रीय नावावरूनच आलेले आहे. इजिप्तचे डॉ. अल-मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात शुद्ध सोरॅलेनचा कोडावर वापर केला. सोरॅलेन आणि अतिनील ‘ए’ किरण यांच्या ‘पुवा’ नामक संयुक्त उपचाराचे सोरायसिसवरील परिणाम १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

पीडीटी आणि पुवा ही दोन्ही प्रकाश-सक्रिय असली, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. सोरॅलेन किरणांच्या साहाय्याने थेट डीएनएला चिकटते. त्यामुळे दीर्घकाळ पुवा घेतल्यास धोका संभवतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १,३८० रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. उपचारांची संख्या वाढत गेली तशी स्क्वेमस पेशी कर्करोगाची शक्यता वाढल्याचे त्यात दिसून आले. आज कोड, सोरायसिस व काही प्रकारचा इसब यांसाठी ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अरुंद पट्ट्याचे ‘बी’ किरण अधिक वापरले जातात. त्यासाठी औषधाची गरज नसते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अल्प मात्रेपासून सुरुवात करून ते दिले जातात.

कोडाने त्रस्त झालेले काही जण ऐकीव माहितीवरून बावचीचे तेल लावून उन्हात बसतात. तेलातील सोरॅलेनचे प्रमाण आणि उन्हाची तीव्रता या दोहोंचाही अंदाज नसल्याने त्वचा भाजून फोड आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. कोडाच्या काही प्रकारांत त्वचेला इजा झालेल्या जागी नवे पांढरे डाग उमटतात. त्यामुळे अशा भाजण्याने रोग पसरण्याचीही भीती असते.

याहून गंभीर चूक निदानाची असू शकते. प्रत्येक फिकट डाग म्हणजे कोड नव्हे. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, उष्णता वा वेदना यांची जाणीव कमी झाली असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. भारतात आजही दरवर्षी या रोगाचे नवे रुग्ण आढळतात. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि हे उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. अशा डागावर प्रकाशोपचारात काही महिने गेले, तर मज्जातंतूंची कायमची हानी होण्याची शक्यता असते.

भारतीय त्वचेचा प्रश्न

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांपासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. त्यामुळे येथे ॲक्टिनिक केराटोसिसचे प्रमाण कमी आहे. पाश्चात्त्य देशांत पीडीटीचा जितका वापर होतो, तितकी गरज भारतात भासत नाही. जन्मजात रंगहीनता असलेल्या व्यक्ती तसेच डीएनए दुरुस्तीत जन्मतः दोष असलेले रुग्ण यांना मात्र उन्हाचा धोका फार मोठा असतो.

भारतात त्वचेचे कर्करोग अनेकदा उन्हाखेरीज अन्य कारणांनी उद्भवतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगांचे वर्णन केले होते. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणातून होणारा कर्करोग त्यांपैकी एक होय. काश्मीरमध्ये अंगाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने पोटावर व मांड्यांवर कर्करोग होतो. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त भूजल दीर्घकाळ प्यायल्याने बोवेन यांच्या रोगाचे चट्टे झाकलेल्या अंगावरही उमटतात. भाजल्याच्या जुन्या व्रणांतूनही असे कर्करोग वाढतात. त्यामुळे बरी न होणारी जखम उन्हाबाहेरच्या जागी असली, तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. मेलॅनोमा भारतात विरळ असला, तरी तळपाय व तळहातांवर तो आढळतो. तेथील नवा किंवा वाढणारा काळा डाग लेसरने पुसण्याआधी तपासणे अत्यावश्यक आहे.

गडद त्वचेवर पीडीटी करताना दोन अडचणी येतात. मेलॅनिन काही प्रकाश स्वतःच शोषून घेते आणि उपचारानंतरच्या दाहामुळे काळसर डाग पडतात, जे कित्येक महिने टिकू शकतात. केवळ रंग उजळ व्हावा किंवा तजेला यावा, या हेतूने हा उपचार घेऊ इच्छिणाऱ्यांच्या बाबतीत परिणाम नेमका उलटा होण्याचा संभव असतो. बाजारात मिळणारे लाल-निळ्या दिव्यांचे मुखवटे हे तर प्रकाश-सक्रिय उपचारच नव्हेत. त्यांत औषध नसते आणि कर्करोगपूर्व चट्ट्यांवरील उपचाराची जागा ते घेऊ शकत नाहीत.

कोणी टाळावा, काय विचारावे

पॉर्फिरिया या चयापचयविकाराचे रुग्ण, पॉर्फिरिनची वावडी असलेले आणि उजेडाने बळावणारे त्वचारोग असलेले रुग्ण यांना पीडीटी दिली जात नाही. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके, रक्तदाबावरील थायझाइड गोळ्या व गजकर्णावर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन यांसारखी औषधे त्वचेला प्रकाशसंवेदी बनवतात. ती सुरू असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे गरजेचे असते.

उपचार घेण्यापूर्वी रुग्णाने चार गोष्टी जाणून घ्याव्यात, असे तज्ज्ञ सुचवतात : विकाराचे निश्चित निदान काय आणि ते कशावरून झाले, दिला जाणारा प्रकाश अतिनील आहे की दृश्य आणि त्यासोबत औषध आहे काय, हाच विकार मलमाने, गोठवून किंवा शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता किती, आणि पुन्हा तपासणी केव्हा करायची. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व कमी लेखले जाते. त्वचेच्या ज्या क्षेत्रात एकदा चट्टे उमटले, तेथे पुढे नवे चट्टे येऊ शकतात. त्यामुळे उपचार यशस्वी झाल्यानंतरही ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवावी लागते.

पीडीटी झालेले नुकसान काही अंशी भरून काढते. पुढचे ऊन ती थोपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार अतिनील निर्देशांक तीन किंवा त्याहून अधिक असताना त्वचेचे संरक्षण करावे. भारताच्या बहुतेक भागांत उन्हाळ्याच्या दुपारी हा निर्देशांक त्याच्या कितीतरी वर असतो. शेतात, रस्त्यावर किंवा बांधकामावर दिवसभर राबणाऱ्यांना ऊन टाळणे शक्य नसते. त्यांच्यासाठी डोक्यावर मुंडासे किंवा टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारची विश्रांती हेच सर्वांत स्वस्त व खात्रीचे संरक्षण आहे. महिनाभरात बरी न होणारी जखम, वाढता डाग किंवा बधिर चट्टा दिसल्यास मात्र कोणताही दिवा वा तेल वापरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.